क्रॉस मेंबरविना वडशापर्यंत

ज्यांच्या घरी जुनी उघडी जीप आहे, तिचा गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर काढलेला आहे, आणि ‘तोवर अशीच चालवा, काही होत नाही’ असं कोणी सांगतं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो. काही होत नाही हे खरं नाही. गाडी चालते, हे मात्र खरं.

आमची जीप महिंद्राची सीजे-3बी, उंच बॉनेटवाली. विलीज कंपनीनं हे मॉडेल 1953 मध्ये काढलं. त्यातलं नवं हरिकेन इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. रूपाच्या बाबतीत तिथं जरा घाटाच झाला, पण इंजिन मावलं. अमेरिकेत 1968 ला ते बंद पडलं. आपल्याकडे महिंद्रानं पुढे कितीतरी वर्षं काढलं. काकांनी आमची जीप लिलावात घेतली. पेट्रोल परवडेना म्हणून त्यांनी डिझेल इंजिन बसवून घेतलं आणि आरसी बुकात तशी नोंदही करून घेतली. काका गेले, जीप माझ्याकडे आली. कुरखेड्याच्या आसपास शेतावर जायला, बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, पेंढ्या आणायला आणि पाहुण्यांची पोरं फिरवायला ती अजून लागते.

जीपचं अंग कसं असतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिला छत नाही, दारं नाहीत. वरचा पत्रा म्हणजे नुसता डबा, बोल्टांनी खाली आवळलेला. सगळी ताकद खालच्या चेसिसमध्ये. दोन लांब लोखंडी पट्ट्या पुढून मागे जातात आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे ठिकठिकाणी असतात, बांबूच्या शिडीला पायऱ्या असतात तसे. त्या आडव्या तुकड्यांना क्रॉस मेंबर म्हणतात. बाकीचे रिव्हेट मारून कायमचे बसवलेले. मधला एक मात्र बोल्टांचा, कारण गिअरबॉक्स खाली उतरवायचा तर तो काढावाच लागतो. म्हणजे काढायची सोय कंपनीनंच दिली आहे. घोळ तिथूनच सुरू होतो. जे काढता येतं, त्याच्यावाचून चालतं असं माणसाला वाटायला लागतं.

त्या मधल्या तुकड्यावर तीन कामं असतात. एक, दोन्ही पट्ट्या एकमेकींपासून सरकू न देणं. दोन, गिअरबॉक्सचं मागचं फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरावर तो टेकतो ते, तोलून धरणं. इंजिन आणि गिअरबॉक्सचं सगळं धूड तीनच ठिकाणी टेकलेलं असतं, पुढे दोन रबरं आणि मागे हे एक. तिसरं काम बऱ्याच जणांना माहीत नसतं. क्लच दाबला किंवा जोरात ब्रेक मारला की इंजिन पुढे सरकू पाहतं. ते सरकू नये म्हणून एक स्टे, म्हणजे जाड तार, त्याच क्रॉस मेंबरला बांधलेली असते. क्रॉस मेंबर काढला की तीही सुटते.

बंद गाडीचं गणित वेगळं. अम्बॅसेडर किंवा पद्मिनीला असा वेगळा सांगाडा नाही, तिचा पत्रा हाच सांगाडा, आणि छत हा त्याचा भाग. आमच्या नात्यातल्या एकानं वरातीसाठी पद्मिनीचं छत कापून तिची उघडी गाडी केली. पहिल्याच लग्नात नवरदेव मागे उभा राहिला आणि दारं बसेनाशी झाली. एकदा बंद झालेलं दार सब्बल लावून उघडावं लागलं. कंपन्या उघड्या गाड्या काढतात तेव्हा खाली जादा पट्ट्या देतात, त्या याच कारणानं. जीपला छत पहिल्यापासूनच नव्हतं, म्हणून तिचा सगळा भार खालच्या शिडीवर. त्या शिडीची मधली पायरी आमच्या जीपमध्ये कुजली होती.

लक्षणं उन्हाळ्यापासून दिसत होती. पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना खालून ‘कट्’ असा एक आवाज यायचा. मग उतारावर पाय काढला की टॉप गिअर आपोआप सुटायला लागला. मी आधी गिअरबॉक्सला दोष देत होतो. कुरखेड्यातले आमचे मिस्त्री म्हातारे आहेत. त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरले आणि क्रॉस मेंबरवर हातोडीचे दोन हलके ठोके मारले. टण् असा आवाज यायला हवा होता, भद् असा आला. तिसऱ्या ठोक्याला आतून गंजाचे पापुद्रे आणि वाळलेली माती त्यांच्या अंगावर पडली. बांधीतला चिखल त्या खोलगट पट्टीत वर्षानुवर्षं साचला होता. पाऊस गेला तरी आत ओल राहायची. लोखंड बाहेरून काळंभोर, धडधाकट. आतून पत्र्याइतकं पातळ झालेलं. त्यात डिझेल इंजिनाचा हादरा. हा क्रॉस मेंबर मुळात पेट्रोल इंजिनासाठी केलेला. फाउंडेशनच्या भोकापासून कडेपर्यंत तडा गेला होता.

मी म्हटलं, वेल्डिंगचा टाका मारून द्या, धान निघेपर्यंत चालवतो.

“टाका कशाले मारता जी, पकडाले लोखंडच नाही राह्यलं,” मिस्त्री म्हणाले. “मी नाही मारून देनार.”

त्यांचं बरोबर होतं. पातळ गंजक्या लोखंडावर वेल्डिंग धरत नाही, भोक तेवढं मोठं होतं. नवा तयार मिळतो का ते त्यांनी नागपूरला फोन लावून पाहिलं. आमच्या मॉडेलचा मिळाला नाही. बनवून घ्यावा लागणार होता, आणि पत्रा वाकवायचं यंत्र, नीट पिलर ड्रिल असलेला माहितीतला वर्कशॉप वडशाला होता. जुना तुकडा मी एसटीनं तिकडे पाठवला. तिथल्या माणसानं तो पाहून निरोप दिला की भोकं गंजून मोठी झाली आहेत, यावरून माप निघणार नाही, गाडी घेऊन या.

आता गाडी न्यायची कशी? दिवस धान काढणीचे. मिस्त्रींच्या शेडमध्ये जीप चार चाकांवर उभी, गिअरबॉक्सखाली जॅक, आणि बाहेर मळणीची ट्रॅक्टरं रांगेत. त्यांना जागा रिकामी हवी होती. ट्रॅक्टर-ट्रॉलीत जीप चढवून नेता येते, तेच सगळ्यात चांगलं. पण त्या हंगामात एकही ट्रॉली मोकळी नव्हती. सगळ्या धान खरेदी केंद्रावर पोती घेऊन उभ्या. टोचन करून, म्हणजे दोरानं ओढत न्यावी असं शेजाऱ्यानं सुचवलं. त्यानं काही साधत नव्हतं. गाडी ओढली तरी गिअरबॉक्स लटकलेलाच राहणार. वर दोराच्या हिसक्यानं चेसिस पिळवटणार, ते वेगळं. क्रेनवाल्यानं सांगितलेला भाव ऐकून मी फोन ठेवला.

शेवटी मिस्त्री म्हणाले, “लाकडावर टाकून देतो. पन सांगतो तसं चालवायचं, नाहीतर चाबी देनार नाही.”

त्यांच्याकडे जुन्या घराच्या पाटणीतली सागाची एक दांडी होती. ती दोन्ही पट्ट्यांखालून आडवी लावली. दोन्ही टोकांना जाड यू-बोल्ट घालून चेसिसला आवळली. गिअरबॉक्स आणि दांडीच्या मध्ये ट्रकच्या टायरचा कापलेला तुकडा. खालून एक साखळी सैलसर घेतली, दांडी मोडलीच तर गिअरबॉक्स रस्त्यावर आपटू नये म्हणून. इंजिन पुढे जाऊ नये म्हणून स्टेच्या जागी दुहेरी तार पिळून मागच्या क्रॉस मेंबरला बांधली. मग त्यांनी खडू घेतला आणि प्रत्येक नटावरून चेसिसपर्यंत एकेक रेघ ओढली. नट फिरला की रेघ तुटणार. पट्टीवर दांडीच्या कडेलाही खूण केली. दांडी सरकली तर कळणार. हे खडूचं काम करायला त्यांना फार तर पाच मिनिटं लागली असतील, पण मला विचाराल तर पुढे सगळ्यात कामी आलं ते तेच.

एक तपासणी त्यांनी माझ्याकडून करून घेतली. गिअरबॉक्स मागे खाली बसला की इंजिनाचं पुढचं टोक वर उचललं जातं. पंखा रेडिएटरला किंवा वरच्या होजला लागू शकतो. बॉनेट उघडून मी पंखा हातानं पूर्ण एक फेरा फिरवला. बोटभर जागा होती. नसती तर दांडीखाली आणखी पाचर मारावी लागली असती.

मग अटी. मागे कोणी बसायचं नाही, सामान काहीही नाही. फोर व्हीलच्या दांड्याला हात लावायचा नाही. लो गिअर तर अजिबात नाही, कारण लोमध्ये जोर जवळजवळ अडीचपट होतो आणि तो सगळा जोर गिअरबॉक्सला पिळतो. ती पिळवणूक झेलायला आता लाकूडच होतं. वेग सायकलला लाजवील इतकाच. ब्रेक लांबून आणि हळू. ब्रेकर आला की दोन्ही चाकं एकदम सरळ चढवायची. एरवी आपण ब्रेकरवर गाडी तिरपी घालतो, धक्का कमी बसतो म्हणून. मधला क्रॉस मेंबर नसताना ते अगदी उलट करायचं. गाडी तिरपी घातली की एक पट्टी वर जाते, एक खाली राहते, आणि त्यांना धरून ठेवणारं मध्ये काही नसतं.

घरी सांगितलं तर बायकोनं गाडीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. म्हणाली, “अहो, आज हत्ती कुठं आहेत ते विचारा आधी.”

बाहेरच्या वाचकाला हे गमतीचं वाटेल. आमच्याकडे 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडच्या बाजूनं रानटी हत्तींचा कळप आला, आणि तेव्हापासून धान पिकलं की मालेवाड्याकडून, पुराड्याकडून हत्तींच्या बातम्या येत राहतात. वडशाच्या बाजूला वाघाचा त्रास आहे. 2022 च्या ऑक्टोबरात वडसा वनविभागात सीटी-1 नावाचा वाघ बेशुद्ध करून पकडला, तेरा माणसांचे बळी घेतल्याचा ठपका त्याच्यावर होता. बिनदाराच्या, बिनछताच्या गाडीनं, ती पळवता येत नाही हे माहीत असताना त्या रस्त्यानं जायचं, तर विचारून निघणं शहाणपणाचंच. वनविभागातल्या ओळखीच्या माणसाला फोन केला. कळप त्या बाजूला नव्हता. तरी अंधारात निघायचं नाही असं ठरवलं. ऊन वर आल्यावर निघालो, सोबत भाचा मोटरसायकलवर. तो मागून यायचा आणि माझ्या गाडीच्या खाली पाहत राहायचा. हे फार बरं झालं. चालवणाऱ्याला खालचं काही दिसत नाही.

वडसा आमच्यापासून पंचवीस-तीस किलोमीटर. एरवी ही वाट गप्पा मारता मारता सरते.

गाडी उचलतानाच पहिला झटका. क्लच हळू सोडला तरी ती धक्के खात निघाली. त्याचं कारण नंतर समजलं. क्लचचा पेडल चेसिसवर असतो आणि तो ज्या दांडीला ओढतो ती गिअरबॉक्सवर. गिअरबॉक्स हलला की तुमचा पाय जागच्या जागी असूनही क्लच थोडा धरतो, थोडा सोडतो. धरला की गाडी उचलते, उचलली की गिअरबॉक्स हलतो, हलला की पुन्हा सुटतो. मी थरथरतच पेट्रोल पंपाच्या पुढे गेलो. तिथं उभी असलेली माणसं हसली असतील, मी पाहिलं नाही.

यावर उपाय एकच सापडला. क्लच अर्धवट धरून ठेवायचा नाही. इंजिन अगदी कमी फेऱ्यांवर ठेवून तो एका दमात सोडायचा. आपण नवशिक्याला जे करू नको म्हणतो, तेच.

सपाट डांबरावर गाडी बरी चालली. खरं सांगायचं तर फारच बरी चालली, आणि मिस्त्री उगाच घाबरवतात असं मला वाटू लागलं. स्टिअरिंग थोडं सैल वाटत होतं, पुढची काच चौकटीत कुरकुरत होती, एवढंच. गिअरचा दांडा मात्र पाहण्यासारखा होता. जीपचा दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर असतो, त्यामुळे खाली काय चाललंय ते वर दिसतं. ॲक्सिलेटर दाबला की दांडा एका अंगाला झुकायचा, सोडला की दुसऱ्या. टॉप गिअर सुटतच होता, म्हणून दांडा गुडघ्यानं दाबून धरला. थोड्या वेळानं टॉपचा नाद सोडला आणि सेकंडवरच जात राहिलो.

मग समोरून ट्रक आला. रस्ता तिथं अरुंद, मी डावीकडे उतरलो. डावी दोन चाकं साइडपट्टीवरून खाली गेली, उजवी वर राहिली. खड्डा वीतभरही नसेल. त्या क्षणी बॉनेट आणि काचेच्या चौकटीमधली फट माझ्या डोळ्यांदेखत एका बाजूला उघडली आणि दुसऱ्या बाजूला मिटली. डाव्या बाजूचा बॉनेटचा खटका फट्कन सुटून वर उडाला. मागून भाच्यानं हॉर्न मारायला सुरुवात केली. मी पाय काढला, ब्रेक मारला नाही, गाडी आपोआप थांबू दिली. इंजिन बंद केलं आणि थोडा वेळ स्टिअरिंग धरून तसाच बसलो. हात कापत होते.

हँडब्रेक ओढला, तर खाली काहीतरी हलल्याचा आवाज. मग ध्यानात आलं. जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्सच्या मागे प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी त्याचा ड्रम असतो. म्हणजे उतारावर गाडी हँडब्रेकवर उभी केली की तिचा भार पुन्हा त्याच लटकत्या धुडावर. हँडब्रेक सोडला आणि चाकांना दगड लावले. पुढे प्रत्येक थांब्याला दगडच.

खाली वाकून पाहिलं. डावीकडच्या एका नटाची खडूची रेघ तुटली होती. दांडी मागे सरकलेली, खुणेपासून अंगठाभर. साखळी जागेवर. आणखी एक गोष्ट मिस्त्रींच्याही नजरेतून सुटली होती. सायलेन्सरच्या पाइपाचा कडा त्या क्रॉस मेंबरलाच टेकलेला असायचा. तो आता अधांतरी होता, आणि पाइप हेलकावे खात लाकडाला घासत होता. सागाच्या दांडीला एके ठिकाणी काळा चट्टा पडला होता, धुराचा वास येत होता. पाण्याची बाटली तिच्यावर ओतली. भाच्याच्या गाडीच्या डिकीतली तार घेऊन पाइप बाजूला बांधला. नट आवळले, पुसून पुन्हा रेघा ओढल्या. खडू मिस्त्रींनी खिशात घालून दिला होता.

तिथून पुढे दर काही अंतरावर थांबून खाली पाहत गेलो. शंकरपूरच्या अलीकडे एक मोकळं झाडीचं अंतर आहे, तिथं थांबायचं टाळलं. विसोऱ्याला चहा घेतला. टपरीवाल्यानं खाली लाकूड पाहिलं आणि विचारलं, “बैलबंडीची दांडी टाकली का जी गाडीले?” मी हो म्हटलं. समजावून सांगण्याची ताकद नव्हती.

वडशाला पोचलो तेव्हा वर्कशॉपवाले जेवायला गेलेले.

आता जे वर्कशॉपमध्ये कळलं ते. गाडी सपाट फरशीवर घेतली, चारही बाजूंनी घोड्यांवर, म्हणजे स्टँडांवर, उचलली, मग दांडी काढली. त्यांनी चेसिसची तिरकस मापं घेतली, म्हणजे डाव्या पुढच्या भोकापासून उजव्या मागच्या भोकापर्यंत आणि उलट. दोन्ही सारखी यायला हवीत. आली नाहीत. उजवी पट्टी किंचित पुढे, डावी मागे. शिवाय दोघींमधलं अंतर वाढलं होतं. फरक फार नव्हता, पण नवा क्रॉस मेंबर टेकवून पाहिला तर एका बाजूचे बोल्ट सहज जात होते आणि दुसऱ्या बाजूला भोकात अर्धा चंद्र दिसत होता.

तिथला तरुण कारागीर म्हणाला, भोक मोठं करून टाकू, पाच मिनिटांचं काम. इथं माझं ठाम मत आहे आणि ते मी कोणालाही सांगीन. भोक मोठं करू देऊ नका. भोक मोठं केलं म्हणजे वाकडी चेसिस आहे तशीच कायम केली. वर बोल्टला खेळायला जागा दिली, तो रोज थोडा थोडा हलणार आणि भोक आणखी खाणार. मी मिस्त्रींना फोन लावून दिला. दोघांचं बोलणं झालं. मग त्यांनी लांब आटेवाला रॉड दोन्ही पट्ट्यांतून आडवा घातला आणि नट आवळत पट्ट्या जवळ आणल्या. तिरका फरक काढायला तिरकी साखळी आणि जॅक. एकेक आटा फिरवायचा, माप घ्यायचं, थांबायचं. संध्याकाळ झाली, पण भोकं समोरासमोर आली. लोखंड कायमचं वाकलेलं नव्हतं, नुसतं सरकलेलं होतं. भरल्या गाडीनं किंवा लो गिअरमध्ये आलो असतो तर हे असं सुटलं नसतं, असं तो कारागीर म्हणाला.

नवा क्रॉस मेंबर करताना माझा आग्रह होता की जाड चॅनलचा करा, पुन्हा भानगड नको. वर्कशॉपच्या मालकानं तो मानला नाही, आणि त्याचं म्हणणं मला पटलं. एकच तुकडा फार ताठ केला की पिळवटणं थांबत नाही, ते शेजारच्या अशक्त जागेवर जातं. मग तडा चेसिसच्या पट्टीलाच जातो, आणि पट्टी बदलता येत नाही. म्हणून मूळ जाडीचाच पत्रा घेतला. एक सुधारणा केली, तळाला पाणी निघायला दोन भोकं पाडली, म्हणजे चिखल साचला तरी धुता येईल. काही जण क्रॉस मेंबर चेसिसला वेल्डिंग करून टाकतात. तसं केलं तर पुढच्या क्लच प्लेटच्या वेळी गॅसकटर आणावा लागेल.

बोल्टांवर पैसे वाचवू नका. दुकानात साधे बोल्ट मिळतात, ते दिसायला तसेच असतात, पण ताणले जातात. डोक्यावर 8.8 असं कोरलेले घ्या. बसवताना सगळे बोल्ट आधी हातानं सैल लावायचे, मग गिअरबॉक्सचं फाउंडेशन त्यावर टेकवायचं, मग गाडी चाकांवर उतरवायची आणि शेवटी आवळायचं. अधांतरी असतानाच आवळलं तर रबर तिरपं बसतं. थोडी चालवून झाली की पुन्हा एकदा पाना लावायचा. आमचे दोन बोल्ट त्या वेळी अर्धा फेरा फिरले.

आता त्या एका प्रवासानं आणखी काय काय गेलं ते सांगतो, कारण ‘काही होत नाही’ म्हणणारे हे धरत नाहीत. इंजिनाच्या पुढच्या दोन्ही रबरांना चिरा पडल्या, मागचा भार त्यांच्यावर आला म्हणून. सायलेन्सरचा जॉइंट फुटला. प्रोपेलर शाफ्टचा एक क्रॉस आवाज करायला लागला, तो बदलला. क्लचची प्लेट पुरती गेली नाही, पण जळका वास येत होता. या सगळ्याचं बिल नव्या क्रॉस मेंबरपेक्षा जास्त झालं. दोन्ही आकडे मांडल्यावर मला त्या क्रेनवाल्याचा भाव आठवला. तो महाग नव्हता.

तेव्हा तशीच वेळ आली तर आधी ट्रॉली शोधा, चार दिवस थांबावं लागलं तरी. थांबणं शक्यच नसेल तर दांडी, साखळी, स्टेची तार आणि खडू. आणि मागून येणारं दुसरं माणूस.

कागदपत्रांचंही सांगून ठेवतो, कारण मला बऱ्याच जणांनी विचारलं. चेसिस नंबर पट्टीवर कोरलेला असतो. त्या जागेजवळ ग्राइंडर किंवा वेल्डिंग अजिबात जाऊ देऊ नका. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं फेरनोंदणीचं काम दर पाच वर्षांनी येतं, आणि तेव्हा तपासणीला तो नंबर वाचता यायला हवा. आमचं काम गडचिरोलीच्या कार्यालयात, एमएच-33. क्रॉस मेंबर मूळ मापाचा, मूळ जागी, बोल्टांनीच असल्यामुळे मला त्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. कापून वेगळं काही केलं असतं तर मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आडवं आलं असतं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय झाली, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. भाचा त्याच्या मागे लागला होता. पण त्या नियमात चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही, आणि आमचं इंजिन काकांनीच बदललेलं. शिवाय तशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. मग शेतावर काय पाटी नेणार?

नवा क्रॉस मेंबर बसल्यापासून तो ‘कट्’ आवाज गेला. काच कुरकुरायची थांबली. पोरांना घेऊन बेडगावचा घाटही चढून आलो, तक्रार नाही. टॉप गिअर मात्र अजूनही उतारावर कधीमधी सुटतो. मिस्त्री म्हणतात, इतकी वर्षं गिअरबॉक्स हलत राहिला, आतला फोर्क झिजला असणार, बॉक्स उघडल्याशिवाय कळायचं नाही. उघडायचा म्हणजे क्रॉस मेंबर पुन्हा काढायचा. या खेपेला गाडी त्यांच्याच शेडमध्ये, घोड्यांवर राहील. धानाचा चुकारा जमा झाला की ते काम हाती घेऊ.